भिंतीतले पिंपळ

माझा भाऊ भीमराव मला फसवणार नाही, असं मी डॉक्टरांना छातीठोकपणे सांगितलं आणि तिथंच घोड्यानं पेंड खाल्ली. पण ते मागाहून. आधी हा माणूस कोण, ते तरी कळायला हवं.

भीमा माझ्याहून चार वर्षांनी धाकटा. महापालिकेच्या उद्यान खात्यात तीस वर्षं माळीकाम केलं. बोलायला कमी आणि ऐकायला त्याहून कमी. मी पोस्टात काउंटरवर बसून उभ्या पुण्याशी भांडले. हा मात्र झाडांशी बोलायचा आणि माणसांकडे बघून नुसता हसायचा. आई म्हणायची, ह्याच्या वाटची सगळी बडबड प्रेमलानं खाल्ली. खाल्ली तर खाल्ली, घरात कुणीतरी बोलायला नको?

नोकरी माळ्याची, पण त्याचा खरा नाद वेगळाच. भिंतीतले पिंपळ काढायचे. जुन्या इमारतींच्या भेगांत, पाइपांच्या मागे, पाखरांच्या विष्ठेतून पिंपळ उगवतात ते तुम्ही पाहिले असतील. पेठेतल्या घरांत त्यांना कोणी हात लावत नाही, पाप लागतं म्हणे. बिगारीसुद्धा नको म्हणतो. पिंपळाला ह्याचं काही सोयरसुतक नसतं, तो दोन पावसाळ्यांत हात जाईल एवढी भेग पाडतो. मग कुणीतरी सांगायचं, विश्रांतवाडीच्या भीमरावांना बोलवा.

आम्ही बौद्ध. आम्हाला पापाची भीती नाही, पण ज्या झाडाखाली तथागतांना ज्ञान मिळालं त्याच्यावर कोयता चालवायची इच्छाही नाही. म्हणून भीमा पिंपळ तोडायचा नाही, सोडवून आणायचा. दोन दिवस आधी भिंतीवर पाणी मारून ठेवायला सांगायचा. मग सायकलच्या चाकाची तार घेऊन विटांमधून एकेक मूळ मोकळं करायचा. आत खोलवर भुगा अडकला की तोंड भेगेपाशी नेऊन फुंकर मारायचा. मूळ म्हणून तुटता कामा नये. ओल्या गोणपाटात गुंडाळून रोप घरी आणायचं, तेलाच्या रिकाम्या डब्यात पानांचं खत घालून वर्षभर वाढवायचं आणि कुठल्यातरी विहाराच्या अंगणात लावायचं. आळंदी रस्त्यापासून खडकवासल्यापर्यंत त्यानं लावलेले किती पिंपळ असतील, ते त्यालाही सांगता येणार नाही.

रक्तदाबानं त्याच्या दोन्ही किडन्या गेल्या तेव्हा तो त्रेपन्न वर्षांचा होता. त्याची बायको दीपाली करोनात गेली होती. मुलगी सोनाली खराडीला आयटीत. ती आपली किडनी द्यायला निघाली, तर हा हटून बसला, पोरीच्या अंगाला हात लावाल तर मी डायलिसिसलाही येणार नाही. माझे मिस्टर जाऊन बारा वर्षं झालेली, मूलबाळ नाही. म्हटलं, घ्या माझी. तपासणीत जुळली. अठ्ठावन्नाव्या वर्षी मी भावाला किडनी दिली आणि बाडबिस्तरा घेऊन त्याच्याच घरी राहायला आले.

ऑपरेशनच्या आधी डॉक्टरांनी बसवून समजावलं होतं. दुसऱ्याची किडनी शरीर आपली मानत नाही, तिच्यावर धावून जातं. म्हणून जन्मभर गोळ्या घेऊन शरीराचा पहाराच ढिला ठेवायचा. पहारा ढिला झाला की कुणीही आत शिरणार. तेव्हा माती, खत, जुन्या भिंतींची धूळ, गुरांचे गोठे, सगळ्यापासून लांब.

हे ऐकलं आणि मी भीमाला थेट विहारात नेलं. त्रिसरण-पंचशील झालं, मग भन्तेजींच्या पुढ्यात उभं केलं आणि म्हटलं, बोल. ‘मातीत हात घालणार नाही,’ तो हात जोडून म्हणाला. चौथं शील खोटं न बोलण्याचं आहे. भीमा रोज सकाळी ते म्हणतो आणि पाळतो, हे मला लहानपणापासून ठाऊक. मी निर्धास्त झाले. तो हॉस्पिटलात होता तेवढ्यात मी गॅलरीतले त्याचे बावीस डबे लोकांना वाटून टाकले आणि फरशी फिनाइलनं धुऊन काढली. घरी आल्यावर त्यानं रिकामी गॅलरी बघितली आणि आत जाऊन झोपला.

तीन वर्षं मी डोळ्यांत तेल घालून राखण केली. पाणी वीस मिनिटं उकळायचं. भाजी तीनदा धुवायची. गोळ्या सकाळी आठला आणि रात्री आठला, घड्याळ चुकेल पण मी नाही. कुणी शिंकलं की मी त्याला जिन्यातूनच परत पाठवायची. सोनाली म्हणायची, ‘आत्या, जरा चिल कर ना, पप्पांना सफोकेट होतंय.’ मी म्हणायची, ‘तुला काय जातंय चिल करायला? किडनी माझी आहे.’ हे वाक्य मी त्या तीन वर्षांत किती वेळा बोलले असेन, त्याची मला लाज वाटते. भीमा तेव्हा ऐकून घ्यायचा आणि टीव्ही बघत बसायचा. मला वाटलं, शहाणा झाला.

गेल्या जानेवारीत त्याला ताप आला. संध्याकाळी चढायचा, सकाळी उतरायचा. मग खोकला. छातीच्या फोटोत उजवीकडे डाग दिसला. जवळच्या दवाखान्यातल्या छातीच्या डॉक्टरांनी फोटो उजेडाला धरला आणि सांगितलं, टीबी. थुंकीत काही सापडलं नव्हतं, पण अशा पेशंटात सापडत नाही म्हणाले. टीबीच्या गोळ्या सुरू झाल्या. लघवी केशरी झाली, जेवण तुटलं, ताप तसाच. तीन आठवडे गेले. रक्ताच्या तपासणीत क्रिएटिनिन, म्हणजे किडनीचं प्रगतिपुस्तक म्हणा ना, एक पॉइंट दोनचं दोनवर गेलं. टीबीच्या एका गोळीनं किडनी सांभाळणाऱ्या गोळीचा जोर मारला जातो, हे आम्हाला तेव्हा कळलं. रिपोर्ट हातात घेऊन मी घरभर फिरत होते, बसवतच नव्हतं.

आम्ही त्याला किडनीच्या डॉक्टरांकडे भरती केलं. डॉक्टर स्पृहा. वय असेल पस्तीस, पायात पळायचे बूट, बोलणं तुटक. तिनं भीमाला डोक्यापासून पायापर्यंत तपासलं आणि डाव्या नडगीवर थांबली. तिथं सुपारीएवढी गाठ होती.

‘हे कधीपासून?’

‘महिना झाला असेल. कशानं तरी खरचटलं होतं,’ भीमा म्हणाला.

‘मला हा टीबी वाटत नाहीये. पण किडनी बसवलेल्या माणसाला काहीही होऊ शकतं, शंभर जंतू आहेत. कुठला शोधायचा ते कळायला हवं. गेल्या तीन-चार महिन्यांत माती, खत, जुनं बांधकाम, गुरं, कशाशी संबंध आला?’

‘छे!’ मी म्हटलं. ‘नाव नको. विहारात शब्द दिलाय त्यानं. मातीकडे बघतसुद्धा नाही.’

‘मी त्यांना विचारतेय.’

भीमानं खिडकीकडे तोंड फिरवलं. ‘ताई सांगते तेच,’ तो म्हणाला.

आणि मी, मूर्ख बाई, समाधानानं मान डोलावली! चाळीस वर्षं काउंटरवर बसून लोकांच्या चेहऱ्यावरून कोण खोटा पत्ता लिहितोय ते ओळखणारी मी. आपल्या भावाची मान कुठं वळली ते मला दिसलं नाही.

दुसऱ्या दिवशी तो सोनालीला म्हणाला, ‘ते बघ ते... ते झाड.’ खिडकीबाहेर साधा बहावा होता. त्याला नाव आठवेना. ज्या माणसाला पानावरून झाडाचं वय सांगता येतं, त्याला बहाव्याचं नाव आठवेना. तो हसला, पण त्याचे डोळे घाबरले होते. संध्याकाळी डोक्याचा स्कॅन झाला आणि मेंदूतही दोन बारीक डाग निघाले. डॉक्टर स्पृहा बाहेर येऊन म्हणाली, ‘गाठीतलं थोडं काढून तपासायला पाठवलंय. पण प्रयोगशाळेला काय शोधायचं ते सांगितलं तर काम लवकर होतं. काही जंतू हळू वाढतात, दोन दिवसांत काही दिसलं नाही की नमुना टाकून देतात. अंदाजानं औषधं मारली तर किडनी जाईल. थांबले तर माणूस जाईल. काही आठवलं तर कधीही फोन करा.’

आठवणार काय, कपाळ! मी जिन्यावर बसले, उठले, कँटीनपर्यंत गेले, चहा न घेता परत आले. तुळशीची कुंडी? ती केव्हाच शेजारी दिलेली. पाणी? उकळलेलं. मी स्वतःलाच धारेवर धरत होते, माझ्याकडूनच काहीतरी राहिलं असणार.

दुसऱ्या दिवशी दुपारी शरच्चंद्र आले. कसबा पेठेत तांबट आळीच्या मागे राहतात, निवृत्त मुख्याध्यापक, भीमाचे जुने स्नेही. त्यांच्या मागच्या भिंतीतला पहिला पिंपळ काढायला भीमा गेला होता त्याला वीस वर्षं झाली. तोंडाला मास्क, हातात काठी, इस्त्रीचा सदरा.

‘प्रेमलाबाई, भीमरावांना काय झालंय ते नीट कळलं का?’

‘नाही ना. कशामुळे झालं तेच सापडत नाहीये.’

‘मग मी सांगतो. दिवाळीनंतर ते माझ्याकडे दर मंगळवारी येत होते. मागच्या भिंतीतून सात पिंपळ काढले. माझ्या जिन्याखाली डब्यांत ठेवलेत. नडगीला खरचटलं तेही माझ्याच शिडीवर.’

मंगळवारी भीमा पेन्शनर मित्रांकडे गप्पा मारायला जायचा. म्हणजे जातो असं सांगायचा.

‘आणि तुम्ही त्याला येऊ दिलंत?’ माझा आवाज सगळ्या मजल्यावर गेला. ‘शिकलेले आहात ना? माझी किडनी आहे त्याच्या पोटात, माहीत होतं ना तुम्हाला? भिंत तुमची वाचली, भाऊ माझा चालला!’

‘खरं आहे,’ ते म्हणाले. ‘मला ते म्हणाले, डॉक्टरांनी परवानगी दिलीय. मी पडताळून बघितलं नाही. चूक माझी. शिव्या घालायच्या तर जरूर घाला, पण डॉक्टरांना फोन आधी करा. शिव्यांसाठी मी इथंच बसतो.’ आणि खरंच ते बाकावर बसले.

मी फोन केला नाही. आधी भीमाच्या खोलीत गेले. त्याच्या चेहऱ्यावर ऑक्सिजनची नळी होती. माझ्याकडे बघून त्याला कळलं.

‘का सांगितलं नाहीस, भीमा? डॉक्टरनं तोंडावर विचारलं तरी?’

तो सावकाश बोलला, शब्द शोधत. ‘तू सांगू कुठं देतेस, ताई? तिनं मला विचारलं, उत्तर तू दिलंस. आणि खरं सांगितलं असतं तर तू म्हणाली असतीस, माझी किडनी. तीन वर्षं मी माझ्याच अंगात तुझा भाडेकरू होऊन राहिलोय. रोज बिनबोभाट. मंगळवारी तेवढे दोन तास मी मालक असायचो.’

मी बोलायची म्हणून ज्याला बोलावं लागलं नाही, त्यानं सत्तावन्न वर्षांत माझ्यापुढे केलेलं हे सगळ्यात मोठं भाषण. आणि ते खरं होतं. तोंडात मारल्यासारखं लागलं, पण खरं होतं.

‘मी बाहेर बसते,’ मी म्हटलं. ‘डॉक्टर येईल, तिला सगळं तू सांग.’

दार लावून मी बाहेर आले, डॉक्टर स्पृहाला फोन केला आणि शरच्चंद्रांच्या शेजारी बसले. आत डॉक्टर स्पृहा अर्धा तास होती. काय बोलणं झालं ते मला आजही पूर्ण ठाऊक नाही. दाराला कान लावून ऐकावं असं शंभरदा वाटलं, पण उठले नाही. बाहेर आली तेव्हा ती फोनवर प्रयोगशाळेशी बोलत होती, ‘टाकू नका, टाकू नका, वेगळा रंग देऊन बघा, दोन आठवडे ठेवा.’ फुंकर मारायची गोष्टही त्यानं सांगितली होती. भेगेतला भुगा नाकातोंडात जाऊन छातीत, छातीतून रक्तात, रक्तातून डोक्यात, असा तो प्रवास.

दुसऱ्या दिवशी सूक्ष्मदर्शकाखाली सापडला. नोकार्डिया. मातीत राहणारा जंतू, फांद्या फुटलेल्या बारीक धाग्यांचा. तुमच्या-माझ्या छातीत गेला तर बहुतेक वेळा काही न करता मरतो. ज्याचा पहारा ढिला, त्याच्यात पाय पसरतो. फोटोत टीबीसारखा दिसतो आणि बऱ्याच जणांना फसवतो. टीबीच्या गोळ्या त्याच दिवशी बंद झाल्या, शिरेतून दोन औषधं सुरू झाली. मला वाटलं, सुटलो. तर डॉक्टर स्पृहा खुर्ची ओढून पलंगापाशी बसली. मी होते, सोनाली होती.

‘नीट ऐका,’ ती म्हणाली. ‘जंतू मेंदूपर्यंत गेलाय. नुसत्या औषधानं आटोक्यात येईल अशी खात्री मला वाटत नाही. तुमच्या शरीराचा पहारा थोडा परत उभा करावा लागेल. म्हणजे किडनीच्या गोळ्या बऱ्याच कमी करायच्या. किडनी आधीच दुखावलीय, त्यात शरीर तिच्यावर धावून गेलं तर ती कदाचित टिकणार नाही. परत डायलिसिस. गोळ्या चालू ठेवल्या तर किडनी वाचेल, तुमचं मी सांगू शकत नाही.’

‘गोळ्या कमी करायच्या नाहीत,’ भीमा म्हणाला. लगेच म्हणाला.

‘पप्पा, आर यू मॅड?’ सोनाली रडायलाच लागली.

‘ती ताईची आहे. माझ्या चुकीपायी तिची किडनी घालवायचा मला हक्क नाही. ताईला विचारा.’

सगळे माझ्याकडे बघायला लागले. खोटं कशाला बोलू, पहिला विचार किडनीचाच आला. माझ्या कुशीवर वीतभर व्रण आहे, पाऊस आला की अजून ठणकतो. तीन वर्षं मी त्या मुठीएवढ्या मांसाच्या तुकड्याला पोटच्या पोरासारखं सांभाळलं होतं. मग मी पलंगावरच्या माणसाकडे बघितलं. तो माझ्या तोंडाकडे बघत होता, निकालाची वाट बघावी तसा. जगायचं की नाही, ह्याची परवानगी तो मला मागत होता. हे मीच करून ठेवलं होतं.

‘भीमा,’ मी म्हटलं, ‘ती मी तुला दिली होती रे. तुझ्याकडे ठेवायला दिली नव्हती. तुझी आहे ती. गेली तर जाऊ दे. मला भाऊ पाहिजे.’

त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहून कानापर्यंत गेलं. मग त्यानं डॉक्टरांकडे बघून मान हलवली आणि कागदावर सही केली. नाव वेडंवाकडं आलं.

किडनी जुलैत गेली. भीमा आहे. मेंदूतले डाग विरले, छाती मोकळी झाली, त्या जंतूवरच्या सल्फाच्या गोळ्या वर्षभर घ्यायच्यात. सोमवारी आणि गुरुवारी डायलिसिस. तिथली एक बाई मला म्हणाली, ‘तुमचं दान वाया गेलं हो.’ मी तिला म्हटलं, ‘बाई, तुम्हाला कुणी विचारलंय का?’ पण घरी येऊन न्हाणीघरात नळ सोडून रडले. वाईट वाटतं. नाही वाटत असं कोण म्हणेल? मी दिलेलं काहीतरी आता कुठंच नाही, हे रात्री उशीवर डोकं ठेवलं की समजतं. घरात अजून माझा पाय ठरत नाही, खोकला ऐकला की उठून बसते.

तीन वर्षं हा माणूस मी वाढीन ते मुकाट्यानं गिळत होता. काल जेवताना त्यानं वाटी पुढं सरकवली. ‘ताई, आमटी खारट झालीय. मला एवढं मीठ चालत नाही. मी खाणार नाही.’

‘मग उद्यापासून तूच कर,’ मी म्हटलं.

‘करीन,’ तो म्हणाला.

आज त्यानं केली. अगदीच पाणचट झाली होती. मी ते तोंडावर सांगितलं, तो भांडला आणि मग आम्ही दोघांनी ती संपवली.